घरांतलें अर्थशास्त्र आणि वर्गांतलें अर्थशास्त्र

आपल्या दर्शनकारांचा अंधपंगुन्याय सर्वश्रुत आहे. आंधळ्यास चालतां येतें पण दिसत नाहीं. पांगळ्यास दिसतें पण चालतां येत नाहीं. आंधळ्यानें पांगळ्यास खांद्यावर घेतलें म्हणजे दोघेही इष्टस्थळीं पोंचतात. शाळा-कॉलेजांत जें अर्थशास्त्र शिकविलें जातें त्याची, आणि घरोघरीं जो पैशाचा व्यवहार चालतो त्याची स्थिति कांहींशी अशीच आहे. पुस्तकांतील शास्त्रास डोळे आहेत, परंतु तें पुस्तकाबाहेर एक पाऊलही टाकीत नाहीं. घरांतील व्यवहार रोज कोसच्या कोस चालतो, परंतु पुढें रस्ता आहे कीं खड्डा आहे हें त्यास दिसत नाहीं. या दोघांची गांठ कशी घालावी, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या उपनगरांतून दहावीनंतर वाणिज्य शाखेकडे वळणाऱ्या मुलामुलींची संख्या मोठी आहे, आणि त्या शाखेंत अर्थशास्त्र बहुतेकांच्या वाट्यास येतें. त्याआधींही या विषयाची तोंडओळख झालेली असते. २०१७ सालीं निघालेल्या नववीच्या भूगोलाच्या पुस्तकांत अर्थशास्त्राचा परिचय करून देणारा एक पाठ घातलेला आहे. त्यानंतरच्या दहावीच्या पुस्तकांत भारत आणि ब्राझील या दोन देशांच्या अर्थव्यवस्थांची तुलना आहे. पुढें २०२० सालच्या बारावीच्या पुस्तकांत उपयोगिता, मागणीची लवचिकता, पुरवठा, बाजाराचे प्रकार, निर्देशांक, राष्ट्रीय उत्पन्न, सार्वजनिक वित्तव्यवहार, नाणेबाजार, विदेशी व्यापार इतके विषय येतात. अभ्यासक्रम तुटपुंजा आहे असें कोणासही म्हणतां यावयाचें नाहीं.

मग अडतें कोठें? अॅडम स्मिथनें १७७६ सालीं या शास्त्रास संपत्तीचें शास्त्र मानिलें, मार्शलनें १८९० सालीं तें मानवी कल्याणाकडे वळविलें, रॉबिन्सनें १९३२ सालीं तें दुर्मिळ साधनांच्या निवडीचें शास्त्र ठरविलें, हें मुलें अस्खलित सांगतात. मागणीच्या नियमास असलेले अपवाद अनुक्रमांकासह म्हणून दाखवितात. परंतु अशाच एका वर्गांत मीं एकदां विचारलें, "बँक तुमच्या आजोबांना ठेवीवर व्याज देते, तें ती आणते कोठून?" निम्म्याहून अधिक मुलांनीं उत्तर दिलें, "सरकार देतें." एका मुलीनें मात्र थोडा विचार करून सांगितलें, "गुरुजी, आमच्या शेजारच्यांनीं घरासाठीं कर्ज काढलें आहे. त्यांच्या हप्त्यांतूनच येत असणार." त्या मुलीस व्याख्या कदाचित् कमी येत असतील; पण अर्थशास्त्र तिलाच समजलें होतें. पैसा एका घरांतून निघून दुसऱ्या घरांत जातो, आणि वाटेंत कोणीतरी जोखीम उचलीत असतो, हें ज्यास दिसलें त्यास या शास्त्राची किल्ली सांपडली.

पूर्वसूरींची वाट

मराठी भाषेंत हें शास्त्र आणणाऱ्या पहिल्या पिढीनें तें परीक्षेसाठीं आणिलें नव्हतें. लोकहितवादींचें ‘लक्ष्मीज्ञान’ १८४९ सालचें आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांची ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ १८५५ सालची आहे. मुंबई विश्वविद्यालयाची स्थापना १८५७ ची. म्हणजे विश्वविद्यालय निघण्यापूर्वींच मराठींत अर्थशास्त्राचीं पुस्तकें निघालीं होतीं. कृष्णशास्त्री संस्कृत पाठशाळेंत तयार झालेले पंडित. नवें शास्त्र लोकांस द्यावयाचें तर आधीं त्याचे शब्द लोकांच्या भाषेंत बसले पाहिजेत, ही दृष्टि त्यांच्या ग्रंथाच्या नांवांतच दिसते.

एल्फिन्स्टन कॉलेजांतील पहिले हिंदी प्राध्यापक दादाभाई नौरोजी यांचा मूळ विषय गणित. परंतु हिंदुस्थानांत दर माणशीं वार्षिक उत्पन्न किती, हा प्रश्न त्यांनीं घेतला आणि १८६७ ते १८७० या काळाच्या आंकड्यांवरून तें सुमारें २० रुपये येतें असा हिशेब मांडला. एका बेरजेनें आणि एका भागाकारानें त्यांनीं साऱ्या देशाच्या दारिद्र्याचें माप लोकांपुढें ठेविलें. न्यायमूर्ति रानड्यांनीं १८९२ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत हिंदी अर्थशास्त्रावर जें व्याख्यान दिलें, त्याचा मथितार्थ असा कीं, विलायतेंत रचलेले सिद्धांत देश, काल व परिस्थिति न पाहतां येथें लावूं नयेत. डॉक्टर आंबेडकर १९१८ सालीं मुंबईच्या सिडनॅम कॉलेजांत अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, तेव्हां त्यांचीं व्याख्यानें ऐकण्यास इतर कॉलेजांतील विद्यार्थीही येऊन बसत. पुढें १९२३ सालीं रुपयाच्या प्रश्नावर त्यांनीं ग्रंथ प्रसिद्ध केला व १९२५ सालीं हिंदी चलनाची चौकशी करणाऱ्या शाही कमिशनापुढें साक्ष दिली. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत अर्थशास्त्र शिकविणारे प्रा. वा. गो. काळे हे १९३५ सालीं बँक ऑफ महाराष्ट्र काढणाऱ्यांत अग्रभागीं होते. तात्पर्य, वर्गांत जें सांगावयाचें तें बाहेरच्या जगांत कसाला लावावयाचें, हीच या विषयाच्या महाराष्ट्रांतील शिक्षकांची खरी परंपरा आहे.

भांडुपचा धडा

आतां अगदीं आपल्या दाराशीं घडलेली एक गोष्ट पाहूं. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेची मुख्य कचेरी भांडुप येथें होती. २०१९ च्या मार्चअखेर तिच्याकडे सुमारें ११,६०० कोटि रुपयांच्या ठेवी होत्या. त्याच वर्षीं सप्टेंबरच्या चोविसाव्या तारखेस सकाळीं ठेवीदारांस कळलें कीं, रिझर्व्ह बँकेनें निर्बंध घातले असून पुढील सहा महिन्यांत प्रत्येक खात्यांतून अवघे १,००० रुपये काढतां येतील. ही मर्यादा दोनच दिवसांत १०,००० वर, ऑक्टोबरांत २५,००० व नंतर ४०,००० वर, आणि पुढील वर्षीं जूनमध्यें एक लाखावर नेण्यांत आली. बँकेच्या कर्जांचा फार मोठा भाग एकाच बांधकाम-समूहाकडे गुंतलेला होता व तो हिशेबांत झांकून ठेवण्यांत आला होता, असें उघडकीस आलें. अखेर २०२२ च्या जानेवारींत ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेंत विलीन झाली. लहान ठेवीदारांची सोय आधीं लागली. मोठ्या ठेवीदारांच्या उरलेल्या रकमा मात्र दहा वर्षांपर्यंत पसरलेल्या हप्त्यांनीं मिळण्याची योजना ठरली.

निवृत्तीचा पैसा, मुलीच्या लग्नाची तरतूद, आजारपणाची शिल्लक हीं सर्व एकाच खात्यांत ठेवणाऱ्या कुटुंबांवर त्या दिवशीं काय ओढवलें असेल, हें वर्णन करून सांगण्याची गरज नाहीं. प्रश्न असा आहे कीं, या एका घटनेंत बारावीच्या पुस्तकांतील किती प्रकरणें सामावलेलीं आहेत! बँक ठेवी घेते व कर्जें देते. ठेवीदार पैसे केव्हांही मागूं शकतो, कर्जदार मात्र वर्षांनुवर्षें परत करितो. म्हणून सर्व ठेवीदार एकाच वेळीं दारांत आले तर सुस्थितींतील बँकही डगमगते. शंभर जणांस थोडें थोडें दिलेलें कर्ज आणि एकासच दिलेलें सर्व कर्ज यांत जोखमीचा केवढा फरक असतो, हें सांगावयास दुसरें उदाहरण शोधण्याचें कारण नाहीं.

यालाच लागून ठेवींच्या विम्याचा इतिहास येतो. १९६० सालीं केरळांतील पलई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक या दोन बँका बुडाल्या. त्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा महामंडळाचें काम सुरू झालें. आरंभीं दर ठेवीदारास १,५०० रुपयांचेंच संरक्षण होतें. तें वाढत वाढत १९९३ सालीं एक लाखावर गेलें, आणि भांडुपच्या प्रकरणानंतर ४ फेब्रुवारी २०२० पासून पांच लाखांवर आलें. २०२१ सालीं कायदा दुरुस्त होऊन, बँकेवर निर्बंध आल्यास विम्याची रक्कम नव्वद दिवसांत मिळावी अशी तरतूद झाली.

सुशिक्षित घरांतूनही पुढील गोष्टी पुष्कळांस ठाऊक नसतात, म्हणून त्या येथें स्पष्ट करितों. विम्याच्या मर्यादेंत मुद्दल व व्याज हीं दोन्ही धरतात. एकाच बँकेच्या निरनिराळ्या शाखांत एकाच नांवावर असलेल्या ठेवींची बेरीज एकत्र होते. बोरिवलीच्या शाखेंत चार लाख व मुलुंडच्या शाखेंत चार लाख ठेवले म्हणून आठ लाख सुरक्षित होत नाहींत. निराळ्या बँकेंतील ठेवीस मात्र निराळा विमा आहे. सहकारी बँकेचा भाग घेतला तर तो ठेव नव्हे. त्यास हा विमा लागू नाहीं. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, सहकारी पतसंस्था ही बँक नव्हे. तेथील ठेवींस या महामंडळाचें संरक्षण नाहीं. पतसंस्था वाईट असतात असा याचा अर्थ मुळींच नाहीं. पण दीड-दोन टक्के अधिक व्याज कशाबद्दल मिळतें, हें ठेवणारास कळलें पाहिजे. तें जोखमीचें मोल आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलास हें सहज समजतें; आणि त्यास तें समजलें, तर आजोबांचा अर्ज भरून देतांना तो दोन प्रश्न विचारील.

पागडीचा धडा

दुसरा धडा घरभाड्याचा. मुंबई इलाख्यांत १९४७ सालीं भाडेनियंत्रणाचा कायदा झाला आणि जुन्या घरांचें भाडें सामान्यतः १ सप्टेंबर १९४० रोजीं जें होतें त्याशीं बांधलें गेलें. महायुद्धानंतरच्या टंचाईंत व फाळणीच्या धामधुमींत भाडेकरूस रस्त्यावर काढतां येऊं नये, हा त्यांतील हेतु निःसंशय दयेचा होता, आणि हजारों मध्यम स्थितींतील कुटुंबें त्यामुळें शहरांत टिकलीं. परंतु किंमत बांधली म्हणजे टंचाई नाहींशी होत नाहीं. ती निराळ्या दारानें आंत येते. धान्य, मजुरी, चुना, लोखंड सर्व महागलें. भाडें तेवढें जागच्या जागीं राहिलें. तेव्हां मालकानें दुरुस्ती सोडली. भाड्यासाठीं नवीं घरें बांधण्यांत कोणास गोडी राहिली नाहीं. आणि उघड भाडें वाढवितां येईना म्हणून ‘पागडी’ हा छुपा व्यवहार रूढ झाला. १९९९ चा नवा कायदा २००० सालच्या ३१ मार्चपासून अंमलांत आला. त्यानें वर्षास चार टक्के भाडेवाढीस मुभा दिली व पागडीचा व्यवहार कायद्याच्या कक्षेंत आणिला.

गिरगांव-दादरच्या दोन खोल्यांत न मावणारीं एकत्र कुटुंबें पार्ल्यास, मुलुंडास, बोरिवलीस कां आलीं, याचीं अनेक कारणें आहेत. त्यांतील एक कारण या कायद्यांत सांपडतें. शिक्षकानें वर्गांत मागणी-पुरवठ्याच्या रेषा फळ्यावर काढून, किंमत समतोलाखालीं बांधली असतां काय होतें हें अवश्य दाखवावें. परंतु त्याबरोबर मुलांना घरीं एक प्रश्न विचारून येण्यास सांगावें : आपलें कुटुंब या उपनगरांत केव्हां आलें, कोठून आलें आणि कां आलें? तीस घरांचीं तीस उत्तरें एकत्र मांडलीं कीं त्या दोन रेषांना रक्तमांस चढतें. शिवाय कायद्याचा लाभ कोणास झाला व तोटा कोणास झाला, हें दोन्ही बाजूंनीं तोलण्याची संवय लागते. भाडेकरूच्या नातवानें मालकाची बाजू मांडावी आणि मालकाच्या नातीनें भाडेकरूची, असा वादही घडवून आणावा.

पापडाचा धडा

तिसरा धडा राष्ट्रीय उत्पन्नाचा. बाजारांत विकला जाणारा माल व मोबदला घेऊन केलेलें काम हींच मुख्यत्वें या हिशेबांत येतात, असें पुस्तक सांगतें व पुढें जातें. येथें थांबावयास हवें. गिरगांवांत १५ मार्च १९५९ रोजीं सात स्त्रियांनीं ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटण्यास आरंभ केला. त्यांतूनच ‘श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड’ ही हजारों स्त्रियांस काम देणारी संस्था उभी राहिली. आतां पाहा, तोच उडीद, तेंच लाटणें, तेच हात. घरच्यांसाठीं लाटलेला पापड देशाच्या उत्पन्नांत नाहीं. संस्थेसाठीं लाटलेला आहे! प्रोफेसर पिगू यांनीं १९२० सालच्या आपल्या कल्याणविषयक अर्थशास्त्राच्या ग्रंथांत याच विसंगतीकडे लक्ष वेधिलें होतें.

यावरून मुलांना एक अभ्यास द्यावा. एक आठवडाभर घरांतील प्रत्येक माणसानें कोणतें काम किती तास केलें याची टांचणी ठेवावी : स्वयंपाक, पाणी भरणें, आजारी माणसाची शुश्रूषा, धाकट्यांचा अभ्यास, बाजारहाट. मग त्या कामास बाहेर माणूस लाविला असतां काय द्यावें लागलें असतें, हें चौकशी करून लिहावें. हा आंकडा पाहून कित्येक मुलगे प्रथमच आईकडे व काकूकडे निराळ्या दृष्टीनें पाहतील. ‘आई कांहीं करीत नाहीं, घरींच असते’ हें वाक्य ज्या घरांत सहज उच्चारलें जातें, तेथें हा एकच धडा सार्थकीं लागेल. अर्थात् मायेचें मोल रुपयांत होत नाहीं. परंतु श्रमांची गणतीच न करणें हा मायेचा आदर नव्हे.

आक्षेप आणि त्यांचें निरसन

शिक्षकबंधु म्हणतील, परीक्षेचा बोजा डोक्यावर असतां हें सर्व करावयास वेळ कोठें आहे? आक्षेप खरा आहे. परंतु बारावीस अर्थशास्त्रांत ८० गुण लेखी परीक्षेस व २० गुण अंतर्गत मूल्यमापनास ठेवलेले होते. हे वीस गुण बहुतेक ठिकाणीं कोठून तरी उतरून काढलेल्या प्रकल्पांवर खर्ची पडतात. वर सांगितलेली टांचणी, तीस घरांची हकीकत, किंवा एका बँकेच्या छापील ताळेबंदाचें वाचन हाच प्रकल्प कां असूं नये? निर्देशांक शिकवितांना घरच्या वाणसामानाच्या जुन्या याद्या काढाव्या. तांदूळ, तूरडाळ, गोडेतेल, दूध व रेल्वेचा मासिक पास या पांच वस्तूंवर निर्देशांक तयार होतो आणि तो मूल जन्मभर विसरत नाहीं. ७२ या संख्येस व्याजाच्या दरानें भागिलें असतां रक्कम सुमारें किती वर्षांत दुप्पट होते तें निघतें. सहा टक्क्यांनीं बारा वर्षें. परंतु भावही दरसाल सहा टक्क्यांनीं चढत असतील, तर बारा वर्षांत तेही दुप्पट होतात, आणि दुप्पट झालेल्या ठेवींत पूर्वींइतकींच पोतीं येतात. चलनवाढीचें सारें प्रकरण या एका भागाकारांत आहे.

दुसरा आक्षेप आपल्याच घरांतून येतो. मुलांसमोर पैशाची भाषा करूं नये, त्यानें वृत्ति हलकी होते, असें आपल्याकडील वडीलमंडळी मानीत आलीं आहेत. त्यांस नम्रपणें सांगावयाचें तें हें कीं, कौटिल्यानें आन्वीक्षिकी, त्रयी व दंडनीति यांच्या पंक्तीस चौथी विद्या म्हणून वार्तेस बसविलें आहे. आणि वार्ता म्हणजे कृषि, पशुपालन व वाणिज्य. मनुष्याची उपजीविका तोच अर्थ, अशी त्याची दृष्टि आहे. त्याचा ग्रंथ शतकानुशतकें लुप्त होता. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं तो १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केला, आणि आपल्या मुंबई विश्वविद्यालयानें प्रा. र. पं. कंगले यांची चिकित्सित आवृत्ति १९६० पासून तीन भागांत काढिली. ज्या परंपरेनें वार्तेस विद्या मानिलें, तिच्या वारसांनीं हिशेबाची लाज बाळगावी हें विचित्र होय. लोभ शिकविणें निराळें आणि हिशेब शिकविणें निराळें. किंबहुना ज्यास हिशेब येतो तोच ‘सहा महिन्यांत दामदुप्पट’ म्हणणाऱ्या भोंदूपासून दूर राहतो.

कॉलेजांतील विद्यार्थ्यांस तर उपनगर हीच मोठी प्रयोगशाळा आहे. विश्वविद्यालयाचा १९२१ पासून चालत आलेला अर्थशास्त्र विभाग सांताक्रूझजवळ कलिना येथें आहे. रिझर्व्ह बँकेनें १९८७ सालीं काढलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था गोरेगांवास आहे. अंधेरी-बोरिवलीच्या विद्यार्थ्यांस हीं दोन्ही ठिकाणें जवळचीं आहेत. तेथें होणारीं व्याख्यानें ऐकण्यास वर्षांतून दोनदां तरी विद्यार्थ्यांस नेण्याचा परिपाठ प्राध्यापकांनीं ठेवावा.

शेवटीं घरांतील कर्त्या मंडळींस एक विनंति. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं, जेवणें आटोपल्यावर, घरांतील आठवीच्या पुढील मुलामुलींस जवळ बसवून महिन्याचा जमाखर्च त्यांच्यासमोर मांडावा. वीज, दूध, औषधें, शाळेची फी, सोसायटीचें मासिक शुल्क, कर्जाचा हप्ता, शिल्लक. कोणत्या ठेवी कोणत्या बँकेंत, कोणाच्या नांवें, किती मुदतीच्या, वारसाचें नांव नोंदलें आहे कीं नाहीं, हेंही सांगावें. वही एका मुलाकडे व बेरीज दुसऱ्याकडे द्यावी आणि दरमहा अदलाबदल करावी. मुलांनीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर आपणांस येत नसेल, तर तोच प्रश्न त्यांनीं दुसऱ्या दिवशीं आपल्या अर्थशास्त्राच्या शिक्षकांस विचारावा, आणि शिक्षकांनीं तो वर्गापुढें ठेवावा. अर्ध्या तासाचें हें काम आहे. त्यास ना यंत्र लागतें, ना शिकवणीची फी. येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारीं कपाटांतील सर्व पासबुकें काढून आरंभ करावा, आणि प्रथम एवढेंच पाहावें कीं, एका बँकेंत एका नांवावर पांच लाखांहून अधिक रक्कम सांचली आहे काय.